औशाच्या वाळूत सोने का नाही? आणि ते कुठे होते?

१/
पावसाळा ओसरल्यावर तेरणेच्या किंवा तावरजेच्या पात्रात उतरून कोणी परातभर वाळू धुतली, तर तळाशी एक काळी, जड, चकचकीत रेघ उरते. जगातल्या कोणत्याही सुवर्णशोधकाला अशी काळी रेघ दिसली की त्याचे काळीज धडधडू लागते. औसा तालुक्यात मात्र त्या रेघेत सोन्याचा कण नसतो. तो का नसतो, आणि याच निजामी राज्यात सरळ दक्षिणेला माणसे सोन्यामागे ६४० फूट खोल का गेली, याची ही कथा.

२/
प्रथम या छंदाविषयी. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियात १८५१ साली सोन्याची झुंबड उडाली. कॅलिफोर्नियात ती त्याच्या तीन वर्षे आधी सुरू झाली होती. मोठ्या खाणी पुढे बंद पडल्या, पण शनिवार-रविवारी परात आणि फावडे घेऊन ओढ्याकाठी जाण्याची हौस तिकडे टिकून राहिली. व्हिक्टोरियात तर त्यासाठी ‘मायनर्स राइट’ नावाचा साधा परवाना आजही मिळतो. हाती येते ते बहुधा चिमूटभर. परवान्याचे पैसे सुटले तरी पुष्कळ!

३/
या उद्योगाचे सारे शास्त्र वजनात आहे. पाण्यापेक्षा सोने सुमारे १९ पट जड, गारगोटी अडीच-पावणेतीन पट, काळा पाषाण तीन पटीच्या आसपास, तर चुंबकाला चिकटणारी काळी लोहवाळू पाच पट. म्हणून परात पाण्याखाली गोल हलवली की हलके आधी वाहून जाते आणि जड मागे राहते. आजीबाई तांदळातले खडे रोळून काढत, तीच ही विद्या.

४/
नदीही तेच काम अखंड करीत असते. जिथे प्रवाह मंदावतो तिथे ती जड ओझे खाली टाकते : वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या पाठीमागे, तळखडकाच्या आडव्या भेगांत. नवशिक्या मधल्या मऊ वाळूत फावडे घालतो, तर जाणता भेगेतला चिखल चमच्याने खरवडून काढतो. चमकणारा कण दिसला तर तो सावलीत न्यावा. अभ्रक सावलीत विझते, सोने विझत नाही. सुईने दाबल्यावर सोनामाखीचा भुगा होतो, सोने नुसते चेपते.

५/
हे सारे औशात केले तरी निष्फळ ठरते, कारण प्रश्न हाताच्या कसबाचा नसून खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हाचे लोटच्या लोट बाहेर आले, एकावर एक थंड होत गेले आणि त्यांनी जवळजवळ सारा महाराष्ट्र झाकून टाकला. हेच दख्खनचे पठार. औशाची काळी माती, विहिरीत लागणारा मुरूम आणि त्याखालचा काळा पाषाण ही सगळी त्या लाव्हाचीच संतती.

६/
या खडकात लोह भरपूर आहे, म्हणूनच परातीत काळी रेघ उरते. त्यात गारगोट्या सापडतात, पोकळ्यांत झिओलाइटचे देखणे स्फटिक सापडतात. पण सोन्याच्या शिरा त्यात नाहीत. मांजरा बालाघाटाच्या डोंगरात उगवते आणि लातूरपर्यंत काळ्या पाषाणावरूनच वाहत येते. जे डोंगरात नाही ते नदीने आणायचे कुठून?

७/
सोने असते ते या पाषाणापेक्षा फार जुन्या खडकात. अडीचशे कोटी वर्षांहूनही आधीचे ज्वालामुखी खडक पुढे दाबले गेले, तापले, त्यांचे हिरवट पापुद्र्यांचे शिस्ट झाले. त्यांच्या भेगांतून उष्ण पाणी फिरले आणि जाता जाता गारेच्या शिरांत सोने ठेवून गेले. कोलार असेच घडले, आणि हट्टीही. औशाखालीही जुना खडक आहेच, फक्त लाव्हाखाली गाडला गेलेला. किती खोल, याचे मोजमाप औसा तालुक्यातच झाले आहे. ते शेवटी येईल.

८/
लिंगसुगूर तालुक्यातील हट्टी हे औशापासून सरळ रेषेत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर दक्षिणेला. दोन्ही ठिकाणे आज दोन राज्यांत असली तरी त्यांचा इतिहास दीर्घकाळ एका छत्राखाली गेला. औशाचा भुईकोट बहमनी काळातला, आणि रायचूरच्या दुआबासाठी बहमनी व विजयनगर पिढ्यान्‌पिढ्या झुंजले. पुढे दोन्ही मुलूख निजामाकडे आले. १८५३ च्या तहात निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेल्या मुलखांत वऱ्हाडाबरोबर धाराशिव आणि रायचूर दुआब ही जोडगोळी होती, आणि १८६० मध्ये ती जोडीनेच परत मिळाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा त्यांची ताटातूट झाली.

९/
हट्टीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या कंपन्यांची माणसे आली, तेव्हा त्यांना कोरी जमीन मिळालीच नाही. जिथे शीर चांगली, तिथे कोणीतरी आधीच जाऊन आलेले! जुने खड्डे, मातीने बुजलेली विवरे, फोडलेल्या गारेचे ढीग. एका ठिकाणी तर हे जुने खोदकाम सुमारे ६४० फूट, म्हणजे १९५ मीटर खोल पोहोचलेले निघाले. प्राचीन जगातील सर्वाधिक खोल खाणींत त्याची गणना होते. जुन्या कामांत सापडलेल्या लाकडाची कार्बन पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा त्याचे वय दोन हजार वर्षांच्या आसपास आले.

१०/
सातवाहनांच्या सुमाराची ही गोष्ट. सुरुंगाची दारू नव्हती, पाणी उपसणारे यंत्र नव्हते, आत हवा ढकलणारा पंखा नव्हता. मग गारेसारखा कठीण दगड फोडला कसा? आगीने. शिरेला टेकवून लाकडे रचायची, पेटवायची, खडक तापून लाल झाला की त्यावर पाणी ओतायचे. दगड तडकतो. मग लोखंडी छिन्नी आणि हातोडा. बंद विवरात ही आग पेटवायची म्हणजे धुरात कोंडून घेण्यासारखेच, म्हणून आग लावून बाहेर यायचे आणि धूर निवळण्याची वाट पाहायची. किती जण वर आलेच नसतील, याचा हिशेब कोणत्याही ताम्रपटात नाही.

११/
दगड वर आला म्हणजे सोने आले, असे नव्हे. हट्टीसारख्या खाणीत टनभर खनिजामागे सोने मिळते ते मोजक्या ग्रॅममध्ये. टनभर दगडाची पिठासारखी भुकटी करावी तेव्हा कुठे एका अंगठीपुरते सोने. हट्टीच्या परिसरात उघड्या खडकांवर वाटीसारखे गुळगुळीत खळगे दिसतात. दगडाने दगड कुटून, वाटून ते पडलेले आहेत. मनगटांच्या अशा कित्येक पिढ्या त्या खळग्यांत जिरल्या असतील. भुकटी झाल्यावर मग तिसऱ्या भागातली परातीची विद्या.

१२/
पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑलचिन यांनी १९६२ मध्ये भारतातील प्राचीन सुवर्णखाणींवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्याआधी रॉबर्ट ब्रूस फूट यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यासाठी दक्षिणेत पायपीट करून या जुन्या शिस्टांना ‘धारवाड’ हे नाव देत त्यांचे पट्टे नकाशावर आणले होते. दोघांच्या कामातून एक गोष्ट उघड होते. आधुनिक शोधकाने सोने शोधले, हे अर्धसत्य आहे. बहुतेक वेळा त्याने जुन्या खड्ड्यांचा माग काढला. ज्यांनी पहिल्यांदा शीर ओळखली त्यांची नावे मात्र उरली नाहीत.

१३/
मधल्या काळात याच सोन्याच्या नावावर एक वेगळेच उत्खनन झाले, तेही लंडनमध्ये. १८८६ साली निजामाच्या राज्यातील खनिजांचे हक्क एका इंग्रजी मंडळीला देण्यात आले आणि त्यातून ‘हैदराबाद (दख्खन) कंपनी’ उभी राहिली. भांडवल कागदावर दहा लाख पौंड. त्यातले बहुतांश शेअर सवलत मिळवणाऱ्यांनी रोख पैसा न घालता स्वतःच्या नावे करून घेतले आणि बाजारात विकले. निजामाचे बडे अधिकारी सरदार दिलेर जंग अब्दुल हक यांचे नाव या व्यवहारात आले, आणि १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाला चौकशी समिती नेमावी लागली.

१४/
जमिनीला कुदळ लागण्यापूर्वीच कागदातून एवढे सोने निघाले, याची चवीने चर्चा झाली. प्रत्यक्ष हट्टीची खाण विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली आणि १९२० च्या सुमारास बंद पडली. पुढे १९४७ मध्ये ‘हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी’ स्थापन झाली. राज्यपुनर्रचनेनंतर ती म्हैसूरकडे गेली आणि हट्टीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, हट्टीची आजही चालते. देशात खाणीतून निघणाऱ्या सोन्याचा मोठा वाटा तिचाच आहे.

१५/
आता या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर अपघात. १९१५ साली सी. बीडन नावाचा इंग्रज खाण-अभियंता सोन्याच्या शोधात हट्टीच्या दक्षिणेला मस्की गावाजवळच्या टेकडीवर फिरत होता. त्याचा डोळा खडकावरच होता, पण शिरेऐवजी एका मोठ्या शिळेवर त्याला अक्षरे दिसली. लिपी ब्राह्मी.

१६/
त्याचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी वाचली, तेव्हा देशभरच्या स्तंभांवर आणि शिळांवर एकच राजा बोलताना दिसला : ‘देवांचा प्रिय, प्रियदर्शी’. हा कोण? सिंहली इतिवृत्तांच्या आधाराने जॉर्ज टर्नर यांनी सांगितले की हा मौर्य सम्राट अशोक. सर्वांनी ते मानले, पण तोपर्यंत मिळालेल्या एकाही आज्ञालेखात त्याने स्वतःचे नाव लिहिलेले नव्हते. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ सारी इमारत एका अनुमानावर उभी होती.

१७/
मस्कीच्या शिळेवर ते नाव निघाले : ‘देवानंपियस असोकस’. एच. कृष्णशास्त्री यांनी वाचन केले आणि हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व ग्रंथमालेचा पहिला अंक म्हणून ते प्रसिद्ध झाले. सोने शोधणाऱ्याला सोने सापडले की नाही, याची आज कोणाला पर्वा नाही. त्याला अशोक सापडला.

१८/
आणि हा निव्वळ योगायोगही म्हणवत नाही. चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरीचा अशोककालीन लेख ‘सुवर्णगिरी’ या ठिकाणच्या राजपुत्राच्या नावे सुरू होतो. म्हणजे मौर्यांच्या दक्षिणेकडील कारभाराचे केंद्रच सोन्याच्या नावाचे. ते मस्कीजवळ होते, कनकगिरीला होते की कर्नूल जिल्ह्यातील जोन्नगिरीला, यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण तिन्ही स्थळे सोन्याच्या मुलखात किंवा त्याच्या आसपास आहेत. पाटलिपुत्राचा सम्राट इतक्या दूर दक्षिणेत शिळा कोरवून घेतो, तेव्हा धर्मोपदेशाबरोबर तिथल्या खाणीही त्याच्या नजरेत असणार, असे मानण्यास जागा आहे.

१९/
मग तेरणेच्या खोऱ्यात सोने कधी आलेच नाही का? आले, पण नदीतून नव्हे, बैलांच्या पाठीवरून. औशाच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर, याच तेरणेच्या काठी तेर वसले आहे. प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून येते. तिथले कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई. त्याच पुस्तिकेत भडोचला उतरणाऱ्या मालात रोमन सोन्याचांदीची नाणी आहेत, आणि स्थानिक नाण्यांशी अदलाबदलीत त्यांवर नफा मिळतो, अशी व्यापाऱ्याच्या कामाची टीपही आहे.

२०/
तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा काचेआड पाहता येतात. तेरणाकाठच्या माणसाने सोने मिळवले ते कापूस पिकवून, कातून, विणून. म्हणजे इथली शीर जमिनीखाली नव्हती, वर होती. ती काळ्या मातीत होती, आणि ही माती त्या लाव्हाचीच, ज्याने सोने झाकून टाकले.

२१/
परात घेऊन बसणारी माणसे मराठी मुलखाला अनोळखी नाहीत. पूर्वेकडे जुन्या मध्य प्रांतात, बालाघाटच्या बाजूला (हा जिल्हा, वर आलेला डोंगर नव्हे) सोनझरी नावाची जमात ओढ्यानदीची वाळू लाकडी पात्रात धुऊन सोने काढी. तिकडे लाव्हाचे आवरण संपते आणि जुने खडक उघडे पडतात. दिवसभराच्या श्रमानंतर मिळणारे कण मजुरीपेक्षा फारसे अधिक नसत. ज्याला जगात आज सुट्टीचा छंद म्हणतात, तो त्यांचा पोटाचा धंदा होता.

२२/
आणि जिथे नदीत सोने नाही तिथे झारेकरी आहेत. सराफकट्ट्यावर पहाटे झाडू घेऊन फिरणारा, सोनाराच्या शेगडीतली राख आणि दुकानापुढची, गटारातली माती विकत घेणारा माणूस तो झारेकरी. माती धुवायची, जड गाळ वेगळा काढायचा, पाऱ्याने त्यातले सोने धरायचे, मग मुशीत तापवून पारा उडवायचा. कानस चालवताना सोनाराच्या हातून उडालेला कणही या हातांतून सुटत नाही. पाऱ्याची ती वाफ मात्र छातीत जाते आणि हातपाय थरथरू लागतात. मोल्सवर्थच्या कोशात या धंद्याची नोंद आहे, म्हणजे तो निदान दोनशे वर्षे तरी जुना धरायला हरकत नाही. मराठी बाजारपेठेतला अस्सल सुवर्णशोधक हाच.

२३/
दुसऱ्या एका शोधकाविषयी लिहिणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे. मराठवाड्यातील जुन्या गढ्या, बारवा, देवळे आणि किल्ल्यांतून ठिकठिकाणी ताजे खड्डे दिसतात. फरशी उचकटलेली, मूर्तीचे पीठ उलथलेले. हे गुप्तधनाचे वेड. सोने इथल्या जमिनीत उगवत नाही, मग कोणीतरी पुरले असेल, असा तर्क. औशाचा किल्ला बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मुघल, निजाम अशा कितीतरी हातांतून गेला. १६३६ मध्ये तो मुघलांच्या ताब्यात आला. इतक्या वेळा मालक बदललेल्या किल्ल्यात हंडे पुरून विसरणारा किल्लेदार कोण असेल? जाणारा घेऊन जातो, येणारा झडती घेतो.

२४/
कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. दडवणे हा गुन्हा. संरक्षित स्मारकात खोदणे हा स्वतंत्र गुन्हा. धनासाठी अघोरी विधी करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दंडनीय ठरवले आहे. आणि जमिनीतले खनिज शोधायचे, तर १९५७ चा खाण व खनिज कायदा परवानगी मागतो. व्हिक्टोरियातल्यासारखा हौशी परवाना त्यात नाही.

२५/
मग औशाच्या जिज्ञासूने रविवारी करावे काय? परात जरूर घ्यावी. काळी वाळू धुवावी, तिच्यावरून चुंबक फिरवावा आणि लाव्हातले लोह उडी मारून चिकटताना पाहावे. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे जावे. तिथे काळा पाषाण संपतो आणि ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे उघड्यावर येतात. दख्खनच्या झाकणाची कड तिथे अक्षरशः पायाखाली येते. अर्थात ग्रॅनाइट म्हणजे सोने नव्हे. त्यासाठी शिस्टाचा पट्टा लागतो, आणि सगळा जुना खडक काही शिस्ट नसतो. पण खडक ओळखता येणे हीच या छंदाची पहिली पायरी. बीडनच्या डोळ्याला ती सवय नसती तर मस्कीची शिळा त्याला दिसती ना.

२६/
आता ते मोजमाप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातील किल्लारीला भूकंप झाला आणि आसपासची गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. हजारो माणसे गेली. शांत समजल्या जाणाऱ्या पठाराखाली हे घडले कसे, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्लारीच्या जमिनीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले.

२७/
पहिले ३३८ मीटर निव्वळ काळा पाषाण, लाव्हाच्या थरावर थर. त्याखाली जेमतेम आठ मीटर जुना गाळ : लाव्हा येण्यापूर्वीच्या पृष्ठभागाचा, ज्यावर कधीकाळी पाऊस पडला होता. आणि त्याखाली, छिद्राच्या अगदी तळापर्यंत, कोट्यवधी शतके जुना नाइस खडक. रायचूरकडे उघड्यावर दिसणाऱ्या प्राचीन भूखंडाचाच हा पुढे आलेला भाग. बाहेर काढलेल्या त्या दंडगोल तुकड्यांत शास्त्रज्ञ भूकंपाचे कारण शोधत होते. सोने शोधायला तिथे कोणी गेलेच नव्हते.